दुसरा बिघाड

पंपात बिघाड एकच केलेला होता. उमेदवाराने दोन शोधून काढले.

मुलाखतीच्या खोलीत टेबलामागे रुग्णालयाचे संचालक डॉक्टर बसले होते. त्यांच्या एका हाताला बायोमेडिकल विभागाचे प्रमुख, म्हणजे रुग्णालयातली झाडून सगळी यंत्रं ज्यांच्या ताब्यात असतात ते साहेब. दुसऱ्या हाताला खरेदी अधिकारी. टोकाच्या खुर्चीत बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञ, सल्लागारबाई.

"परत एकदा सांगा," डॉक्टर म्हणाले.

समोर उभ्या असलेल्या उमेदवाराने घसा साफ केला. "पंपात दोन दोष आहेत, सर. नळीत हवेचा बुडबुडा आला तर तो ओळखणारा सेन्सर असतो, त्यावर पारदर्शक टेप चिकटवलीय. त्यामुळे अलार्म वाजत नाही. टेप मी काढली. मग सवयीप्रमाणे वेग मोजला, तर पंप ठरवलेल्यापेक्षा बरंच जास्त पाणी सोडतोय. परत मोजलं. परत तेच."

"टेप मीच लावली होती," साहेब म्हणाले. "परीक्षेसाठी तेवढंच केलं. वेगाला मी हात लावलेला नाही."

"मग कोणी लावला?"

पंप काही खेळण्यातला नव्हता. सलाईनमधून औषध किती वेगाने शरीरात जायचं हे तो ठरवतो. वेग चुकला की औषध जिवावर उठतं.

उमेदवार दोनच उरले होते. ही एक, आणि दुसरा या विभागातलाच तंत्रज्ञ. त्याला सगळे हंगामी म्हणत. इतकी वर्षं हंगामी राहिलेला दुसरा माणूस त्या इमारतीत नव्हता. हिला सगळे सूनबाई म्हणू लागले होते. कारण तिचे सासरे विभागाच्या वर्कशॉपबाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमच्या सूनबाई आत आहेत" असं सांगत होते.

वर्कशॉपमध्ये आधी सूनबाईंनी एकटीने पंप तपासला, मग हंगामीने. हंगामीला एकच बिघाड सापडला. टेप.

"वेग मोजलास का?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"मोजला, सर. बरोबर आला."

आता मात्र प्रकरण चिघळलं. दोघांपैकी एक चुकत होता, नाहीतर खोटं बोलत होता.

"आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर मोजा," डॉक्टर म्हणाले.

वरात वर्कशॉपमध्ये गेली. पंप टेबलावर होता. वर खिळ्याला एक नळी टांगलेली होती, यंत्रं तपासायला नेहमी वापरतात ती. पाण्याची बाटली, मोजपात्र, घड्याळ, सगळं हाताशी होतं.

"सलाईनच्या नळीचा नवीन सेट आणू का, सर?" हंगामीने विचारलं.

"कशाला वाया घालवायचा? पाणीच तर मोजायचंय." साहेबांनी खिळ्यावरची नळी काढली, पंपाचं दार उघडून आत बसवली आणि बटण दाबलं.

सगळे मोजपात्राकडे डोळे लावून बसले. वेळ संपली. पाणी जिथे असायला हवं होतं बरोबर त्या रेघेवर येऊन थांबलं.

सूनबाईंचा चेहरा उतरला. "असं कसं?" ती पुटपुटली. "मी दोनदा बघितलं होतं."

"हे बघा," खरेदी अधिकारी म्हणाले, "मला यंत्रातलं कळत नाही, पण माणसांतलं कळतं. या सूनबाईंनी आधी पंप बिघडवला, हुशारी दाखवली, आणि निघताना परत नीट करून ठेवला. आमच्या सगळ्या शाखांना हे कळवावं लागेल. अशा माणसाच्या हातात कोणी यंत्र देता कामा नये."

हे कळवलं गेलं असतं तर सूनबाईंना या धंद्यात कोणी दारात उभं केलं नसतं. आधीच तिची पंचाईत होती. सासू अंथरुणाला खिळली म्हणून तिने चांगली नोकरी सोडली, काही वर्षं घरात काढली, आणि सासू गेल्यावर नोकरी शोधायला निघाली तर जिथे जाईल तिथे एकच प्रश्न: मधली वर्षं काय करत होतात? ही मुलाखत तरी तिला मिळाली होती ती सल्लागारबाईंमुळे.

सल्लागारबाईंनी अर्धं आयुष्य रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करण्यात घालवलं होतं. निवृत्तीनंतर औषधाच्या दुकानावरच्या एका खोलीत त्यांनी सल्ला द्यायला सुरुवात केली. लॅबवाले, एक्स-रेवाले, डायलिसिसवाले, यंत्रवाले, सगळे त्यांच्याकडे येत. अर्जात काय लिहावं, मुलाखतीत कुठे गप्प बसावं, हे त्या सांगत, आणि न आवडेल असंही तोंडावर सांगत.

"ही तुमचीच विद्यार्थिनी ना?" खरेदी अधिकाऱ्यांनी डिवचलं.

"हो. ते मी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलंय," बाई म्हणाल्या. "म्हणूनच मला माहिती आहे, ती एकदा मोजून कधी बोलत नाही. डॉक्टर, निर्णय जेवणानंतर द्या. तोवर मला चार लोकांशी बोलू द्या."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांच्याही मनात कुठेतरी पाणी मुरतंय असं आलं असावं.

बाईंनी सूनबाईला वर्कशॉपमध्येच थांबवून घेतलं.

"रडायचं असेल तर नंतर रड. आधी आठव. पाणी कशातून सोडलंस?"

"सेटमधून. सिस्टरनी वॉर्डातून ट्रे पाठवला होता, कापूस, सिरिंजा वगैरे. त्यात नवीन सेट होता. तो फोडला."

"खिळ्यावरची नळी का नाही घेतलीस?"

"पिवळी पडलीय ती, मॅडम. आमच्या जुन्या हॉस्पिटलात असली नळी हातात घेतली तर ओरडा बसायचा. मला ती दिसलीसुद्धा नाही म्हणा ना."

"वापरलेला सेट कुठे टाकलास?"

"तिथे. डब्यात. पाकीट पण."

बाईंनी डब्याचं झाकण उचललं. आत नवी कोरी पिशवी होती आणि तिच्या तळाशी पारदर्शक टेपचा एक चुरगळलेला तुकडा. बाकी काही नाही.

"मॅडम," सूनबाई म्हणाली, "इतक्या वर्षांनी हात लावला. माझंच चुकलं असेल का?"

"तुझं चुकलं असतं तर डबा रिकामा कशाला झाला असता?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी खिळ्यावरची नळी दोन बोटांत धरून दाबून पाहिली. रोजच्या वापराने ती अगदी मऊ पडली होती.

हंगामी जिन्यात उभा राहून डबा खात होता. बाईंना बघून त्याने झाकण लावलं.

"जेव रे. जेवता जेवता सांग. वेग कुठल्या नळीने मोजलास?"

"खिळ्यावरच्या. आम्ही सगळं त्यावरच तपासतो, मॅडम. इथे आलो तेव्हापासून तीच पद्धत आहे. निर्जंतुक सेट वर्कशॉपसाठी फोडला की साहेबांना आवडत नाही."

"तू गेलास तेव्हा ट्रे होता?"

"नाही. ट्रे नव्हता."

"आणि कचऱ्याचा डबा?"

"रिकामा. टेप काढून टाकली ना मी त्यात, म्हणून आठवतंय. नवीन पिशवी लावलेली होती." त्याने जेवणाचा डबा बाजूला ठेवला. "तुम्हाला माझ्यावर संशय आहे ना? सगळ्यांना असणार. ती बाद झाली की जागा मलाच मिळते."

"संशय घेणं हे माझं आजचं काम आहे," बाई म्हणाल्या. "ही जागा रिकामी कशी झाली?"

हंगामीने डब्याकडे पाहिलं. "आधीच्या सरांना काढलं. एका आजींना पंपातून औषध जास्त गेलं. एकदम गंभीर झाल्या. चौकशी झाली, आणि सरांनी पंप नीट तपासला नव्हता असं ठरलं."

"कोणी ठरवलं?"

"साहेबांनी."

"तपासला नव्हता का त्याने?"

"माझ्यासमोर तपासला होता, मॅडम. पण हंगामी माणसाला कोण विचारतं?"

बाकावरचे सासरे मात्र कोणी विचारायची वाटच बघत होते. बाई शेजारी बसल्या तशी त्यांनी छत्री दुसऱ्या बाजूला घेतली.

"आजोबा, तुम्ही सकाळपासून इथेच आहात?"

"हललो नाही. पायाला मुंग्या आल्या, पण हललो नाही."

"सूनबाई वर्कशॉपमधून बाहेर आल्या. तिथपासून तो दुसरा मुलगा आत जाईपर्यंत कोण कोण आत गेलं?"

"एक सिस्टर गेल्या. ट्रे घेऊन लगेच बाहेर. मग ते साहेब गेले. ते जरा वेळ आत होते."

साहेबांचं आत जाणं बरोबरच होतं. पहिल्या उमेदवाराने काढलेली टेप दुसऱ्यासाठी परत लावायला हवीच.

"बाहेर आले तेव्हा काही वेगळं दिसलं?"

"त्यांचं पेन गळत होतं बघा. पांढऱ्या कोटाचा खिसा ओला झालेला. मी म्हटलंसुद्धा, साहेब, पेन बघा तुमचं. बघितलंच नाही त्यांनी माझ्याकडे. मोठी माणसं."

"डाग निळा होता की काळा?"

आजोबांनी डोळे बारीक केले. "रंग नव्हता हो. नुसता ओला."

"त्यानंतर कोण?"

"मग तो मुलगा आत गेला. तो येईस्तोवर कोणी नाही. नंतर तुम्ही सगळे घोळक्याने आलात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, खरं सांगा. तिच्यावर काही बालंट आलंय का? ती माझ्या बायकोसाठी घरी बसली. मुलगा लांब नोकरीला. रात्रंदिवस हिनेच केलं. हिची नोकरी माझ्यामुळे गेली असंच मी धरतो. ती परत कामावर गेलेली बघितली की मी सुटलो."

"बघू," बाई म्हणाल्या. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती, आणि आजोबांकडे बघून पहिल्यांदाच त्या सवयीचा त्यांना राग आला.

वॉर्डात सिस्टर पंप लावलेल्या एका पेशंटची सलाईनची बाटली बदलत होत्या.

"ट्रे तुम्हीच परत आणलात?"

"हो. एक सेट कमी होता, तो परीक्षेत वापरला असेल म्हणून सोडून दिलं."

"डब्याला हात लावलात?"

"तिथल्या डब्याला मी कशाला हात लावू? इथलेच थोडे आहेत का?"

बाई बाटलीकडे बघत होत्या. "ही वेळेवर संपली?"

सिस्टरांनी पाठ फिरवली. बाटली अडकवून झाली, तरी त्या वळल्या नाहीत. "वेळेवर कुठे संपतात? आम्ही येता-जाता लक्ष ठेवतो आणि हाताने वेग कमी करतो."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"तक्रार नाही केलीत?"

"केली होती ना. साहेबांकडेच केली. त्यानंतर त्या बिचाऱ्या तंत्रज्ञाची नोकरी गेली. माझ्या तोंडामुळे त्याचं घर बसलं. मग मी तोंडाला कुलूप लावलं."

ट्रॉलीवर नव्या सेटची पाकिटं होती. बाईंनी एक उचललं आणि वरून नळी चाचपून पाहिली. बऱ्यापैकी कडक होती. पाकिटावरचं कंपनीचं नावही त्यांच्या ओळखीचं नव्हतं. त्यांनी पाकीट पर्समध्ये टाकलं.

खरेदी अधिकारी कँटीनमध्ये सापडले. बाईंना समोर बसलेलं पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"सलाईनच्या नळ्यांची कंपनी बदललीत का तुम्ही?"

"बदलली. त्यात काय गुन्हा झाला? सगळं रीतसर आहे. या पंपांना चालतील असं आमच्या साहेबांनीच सांगितलं होतं."

"मग आता परत जुन्या नळ्या येणार आहेत, असं कळलं." हा बाण बाईंनी अंधारातच मारला होता.

"येतायत. साहेब मागे लागलेत. कारण विचारलं तर म्हणे सिस्टरांना आवडत नाहीत. नवीन साठा संपला की जुन्या." ते पुढे वाकले. "एक सांगू? मी सकाळी जरा जास्त बोललो. पण या रुग्णालयाचं नाव एकदा खराब झालंय. डॉक्टरांनी तर हट्टच धरला, की परीक्षा पंपावरच घ्या. साहेब हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या मॉनिटरवर घेणार होते."

बाईंनी अर्धा चहा तसाच टाकला आणि त्या उठल्या.

जिन्याच्या तोंडाशी साहेब भेटले. अंगात कोट नव्हता. चेहऱ्यावर अगदी घरच्यासारखं हसू.

"मॅडम, तुमच्याशी दोन शब्द. मुलगी चांगली आहे. घाबरली, चुकून काहीतरी वाचलं, होतं असं. मी डॉक्टरांना समजावतो. तिने फक्त दुसऱ्या बिघाडाचं मागे घ्यावं. माझी चूक झाली म्हणावं. आज निवड करतो, उद्यापासून कामावर. हंगामीपेक्षा मला तीच हवी आहे."

"खरेदीवाले तिला सगळ्या शाखांत बदनाम करायला निघालेत."

"त्यांना मी बघतो. तुम्ही फक्त तिला समजवा. तुम्ही सल्ला देता ना लोकांना? हाच सल्ला द्या."

बाईंनी सल्ला दिला नाही. साहेब जे बोलले ते जसंच्या तसं सूनबाईला सांगितलं आणि ती काय म्हणते याची वाट बघत राहिल्या. आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, याची त्यांना खात्री नव्हती.

बाहेर बाकावर आजोबा डुलक्या घेत होते, तिकडे सूनबाईचं लक्ष होतं.

"मी चुकले असेन तर मागे घेईन," ती शेवटी म्हणाली. "पण ते मला कळायला हवं, मॅडम. नाहीतर रोज पंपाला हात लावताना मला माझाच भरवसा वाटणार नाही."

"मग चल," बाई म्हणाल्या.

जेवणानंतर सगळे वर्कशॉपमध्ये जमले. सिस्टरांनाही बोलावलं होतं. पंप सकाळच्याच जागी होता, नळी खिळ्यावर.

"डॉक्टर, एकदाच मोजायचंय," सल्लागारबाई म्हणाल्या. "पंप तोच. पाणी तेच." त्यांनी पर्समधून पाकीट काढलं आणि टर्रकन फाडलं.

"ती नळी लावू नका," साहेब म्हणाले.

बाईंनी मान वर केली. "का हो?"

"म्हणजे... निर्जंतुक सेट आहे. वाया जाईल."

"पाकीट तर फाडून झालं. आता तो वायाच गेलाय."

बाईंनी नळी सूनबाईच्या हातात दिली. तिने ती बसवली, दार लावलं, बटण दाबलं. पाणी पडत राहिलं. वेळ संपली तेव्हा ते सकाळच्या रेघेच्या कितीतरी वर होतं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत वाकून पाहिलं.

"सकाळी बरोबर होता ना हा?"

"आत्ताही बरोबर आहे, खिळ्यावरच्या नळीने मोजलात तर," बाई म्हणाल्या. "हा पंप औषधाला शिवत नाही, डॉक्टर. बाहेरून नळी दाबत दाबत औषध पुढे ढकलतो. म्हणून नळी कशी आहे यावर सगळा खेळ. पंप ज्या कंपनीच्या नळीसाठी जुळवलेला असतो, तीच नळी हवी. तुम्ही नळी बदललीत. पंप जुन्या नळीसाठीच जुळवलेले राहिले."

"पण पंप नियमित तपासले जातात."

"जातात ना. त्या खिळ्यावरच्या, जुन्या कंपनीच्या नळीवर. वर्कशॉपमध्ये जुनी नळी, पंप पास. वॉर्डात नवी नळी, पंप सुसाट. आमच्या धंद्यात ही सवय फार जुनी आहे. सेट वाचवायचा म्हणून एक नळी ठेवायची आणि जन्मभर त्यावरच तपासायचं. हंगामीने तसंच तपासलं, आणि ज्याला तुम्ही काढलंत त्यानेही. दोघंही प्रामाणिक. आणि दोघांनाही काही दिसलं नाही."

"म्हणजे दुसरा बिघाड कोणी केलाच नाही?" खरेदी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"परीक्षेसाठी कोणी केला नाही. तो आधीपासून होता. या पंपात, आणि आत्ता वॉर्डात चालू आहेत त्या सगळ्यांत."

डॉक्टर खुर्चीवरून उठले. "सिस्टर, सगळे पंप बंद. हाताने थेंब मोजून चालवा. लगेच." सिस्टर जवळजवळ पळतच गेल्या. डॉक्टर बाईंकडे वळले. "मग सूनबाईंनी मोजायला वापरलेली ती नळी कुठे आहे?"

"तेच तर महत्त्वाचं. तिने ती इथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली होती, आणि डबा कोणीतरी रिकामा केला. सूनबाईंनी दुसरा बिघाड सांगितला तो तुमच्या टेबलासमोर. त्याआधी कोणाला त्याचा पत्ता नव्हता, आणि त्यानंतर आपण सगळे एकत्रच होतो. पण हंगामी आत गेला तेव्हा डबा आधीच रिकामा होता. म्हणजे कोणी काही बोलायच्या आधीच एका माणसाने कचऱ्यातली ओली नळी बघितली आणि त्याला घाम फुटला. नव्या नळीने वेग मोजला गेला तर काय दिसेल, हे त्याला अगोदरच माहीत होतं."

पंप अजून टकटकत होता. सूनबाईने हात पुढे करून तो बंद केला.

"मधल्या वेळात आत दोघंच गेले," बाई पुढे बोलल्या. "सिस्टर ट्रे घेऊन लगेच बाहेर आल्या. साहेब टेप लावायला गेले आणि थांबले. पिशवी बदलली. नळी घाईघाईने कोटाच्या खिशात कोंबली, पण तिच्यात पाणी होतं. बाकावरच्या आजोबांना वाटलं पेन गळतंय. बिनरंगाच्या शाईचं पेन मी तरी पाहिलेलं नाही. कोट कुठे आहे, साहेब?"

साहेबांचा हात नकळत कोटाचा खिसा असतो तिथे गेला.

"नळ्या चालतील असं तुम्हीच सांगितलंत. न तपासता. सिस्टरांनी तक्रार केली, त्या आजी गंभीर झाल्या, तेव्हा तुम्हाला कळलं. सगळे पंप कंपनीकडून नव्या नळीसाठी जुळवून घ्यायचे तर गाजावाजा झाला असता, म्हणून गुपचूप जुन्या नळ्या परत मागवल्या. साठा संपेपर्यंत वेळ काढायचा होता. तोवर दोष कोणावर तरी टाकायचा, तर तो हाताखालचा माणूस होताच. परीक्षा मॉनिटरवर घ्यायचा घाटही त्यासाठीच. आणि या बाईने पंपात बोट घातल्यावर तिला नोकरी द्यायला निघालात. मी पुष्कळ नोकऱ्या लावून दिल्या, साहेब. चूक कबूल कर आणि उद्यापासून ये, असं म्हणणारा मालक मला पहिल्यांदाच भेटला."

साहेब खाली बसले. "थोडेच दिवस उरले होते," ते म्हणाले. "साठा संपतच आला होता."

"आणि तोवर वॉर्डात जे होते त्यांचं काय?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण साहेबांनी मान खाली घातली ती वर केली नाही. डॉक्टरांनी खरेदी अधिकाऱ्यांना त्यांना कार्यालयात नेऊन बसवायला सांगितलं. पोलिसांना कळवायचं होतं.

ते गेल्यावर डॉक्टर सूनबाईकडे वळले. "तुमची निवड झाली, हे वेगळं सांगायला नको."

सल्लागारबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. आणि सूनबाई बोलली.

"सर, ज्यांना काढलं त्यांची चूक नव्हती."

"नव्हती."

"मग जागा रिकामी कुठे आहे?"

हंगामी तिच्याकडे बघतच राहिला. बाईंना फार वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी या पोरीचा इतका अभिमान वाटला की त्यांनी तोंड फिरवून घेतलं. मुलाखतीत काय बोलावं हे त्यांनी तिला महिनाभर शिकवलं होतं. हे त्यात नव्हतं.

डॉक्टरांनी हंगामीकडून आधीच्या तंत्रज्ञाचा नंबर घेतला आणि तिथेच फोन लावला. स्पीकरवर एक सावध आवाज आला. डॉक्टरांनी नाव सांगितलं तसा तो आणखी सावध झाला.

"तुमची चूक नव्हती," डॉक्टर म्हणाले. "आज सिद्ध झालं. मी माफी मागायला फोन केलाय. तुमची जागा तुमची आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सर," तो माणूस म्हणाला, "त्या आजींचं काय झालं? मला कोणी सांगितलंच नाही."

"बऱ्या झाल्या. चालत घरी गेल्या."

मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. लांबून एक बाई "कोण आहे? अहो, काय झालं?" असं परत परत विचारत होती. डॉक्टरांनी हलकेच फोन बंद केला.

सूनबाई बाहेर आली तेव्हा सासरे उठून उभे होते.

"मिळाली?"

"नाही, बाबा."

"परत त्या मधल्या वर्षांमुळेच ना?"

"नाही. जागा दुसऱ्याची होती. त्याला परत मिळाली." तिने त्यांच्या हातातली छत्री घेऊन बाकाला टेकवून ठेवली. "वॉर्डातले पंप एकेक करून तपासायचेत. आज माणसं कमी आहेत, डॉक्टरांनी थांबाल का विचारलं. पुढचं पुढे. तुम्ही घरी जा, मला उशीर होईल."

आजोबा खाली बसले. सल्लागारबाईंना वाटलं, आता त्यांना काहीतरी समजावून सांगायला हवं. पण ते सुनेकडेच बघत होते.

"तुझ्या सासूची सलाईन संपायच्या आत तू झोपेतून उठायचीस," ते म्हणाले. "मी कधी हाक मारली नाही, तरी उठायचीस. जा तू. तिथेही कोणाची तरी आई असेल."

तिने मान हलवली आणि वॉर्डाकडे निघाली.